फाटकापासून चौथी रांग

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनाच्या रजिस्टरात माझ्या हातची एक ओळ आहे. हिंदीत लिहिलेली, निळ्या शाईची, अक्षर वळणदार. रखवालदाराच्या चुकीमुळे कबर भलत्या जागी खणली गेली, असा तिचा अर्थ. खाली माझी सही. ती ओळ खोटी आहे. ती लिहून तीस वर्षं होऊन गेली. आता मी ऐंशीच्या पुढे आहे, पण ती ओळ तशीच ठेवून मला मरायचं नव्हतं. ती कशी लिहिली गेली आणि दुरुस्त करायची हिंमत मला कुठून मिळाली, तेवढंच इथे सांगतो.

आम्ही मूळचे विदर्भातले. वडील सरकारी नोकरीवर रायपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात हिंदी, रविवारची उपासनाही हिंदीत. मीही कचेरीत आयुष्यभर फायली सांभाळल्या, म्हणून मंडळीने सचिवपद माझ्या गळ्यात घातलं. बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्ही रजिस्टरं माझ्याकडे. माझ्या नेटकेपणाचं लोक कौतुक करत आणि मला त्याचा गर्व होता.

आमच्या कब्रस्तानात बारा रांगा आहेत. रांगा फाटकापासून मोजायच्या, असा पहिल्यापासूनचा रिवाज. पूर्वी फाटक नाल्याच्या बाजूला होतं. पुढे दुसऱ्या बाजूने रस्ता झाला, तेव्हा जुनं फाटक विटांनी बंद केलं आणि समोरच्या भिंतीत नवीन बसवलं. त्यामुळे मोजणी उलटी झाली. जुनी पहिली रांग ती आता बारावी. नवीन रजिस्टर केलं, पण जुन्या रजिस्टरातले आकडे जुनेच राहिले. त्यातून जागा काढायची तर प्रत्येक वेळी आकडा उलटवून घ्यावा लागे. हे मंडळीत माझ्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

दुसरा रिवाज चिठ्ठीचा. कुणी गेलं की रांग आणि जागेचा आकडा मी एका चिठ्ठीवर लिहून रखवालदाराकडे पाठवायचा. त्याने पहाटे खड्डा खणायचा. दफन झालं की त्याने चिठ्ठी मला परत द्यायची आणि मी ती फायलीला लावायची. रखवालदार छत्तीसगढी माणूस, कब्रस्तानाच्या कोपऱ्यातल्या खोलीत बायको आणि लहान मुलीसोबत राहायचा. अक्षरओळख नव्हती, आकडे मात्र ओळखायचा. मला बाबूजी म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात मंडळीच्या पंच कमिटीच्या अध्यक्षांचे वडील वारले. त्यांना त्यांच्या पत्नीशेजारी ठेवायचं होतं. पत्नी फार वर्षांपूर्वी गेलेली, तिची नोंद जुन्या रजिस्टरात, रांग चौथी. नव्या हिशेबाने ती नववी. मी चिठ्ठीवर चार लिहिलं. मला पंडरीच्या कापडबाजारातून शवपेटीसाठी पांढरं कापड आणायचं होतं, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय करायची होती, उन्हामुळे सगळं घाईचं होतं. आकडा उलटवायचं राहून गेलं. इथवर जे झालं ती चूक होती. कुणाकडूनही झाली असती.

पण सकाळी मी दाढी करत असताना रखवालदार सायकल मारत माझ्या घरी आला. पायऱ्यांशी उभा राहून म्हणाला, "बाबूजी, ओ जगा म तो लइका सुते हे."

त्या जागी तर लेकरू निजलंय, असं तो सांगत होता. त्याने स्वतःच्या हाताने त्या लेकराला मातीआड केलं होतं, म्हणून त्याला ठाऊक होतं. मी तोंडाला साबण तसाच ठेवून हिंदीत म्हणालो, "चिठ्ठी में जो लिखा है वही करो. रजिस्टर तुमसे ज़्यादा जानता है."

त्याने सायकल वळवली. मग "हव बाबूजी" म्हणाला आणि गेला.

ते लेकरू एका शिक्षिका बाईंचं. बाई आमच्याच मंडळीतल्या, माहेर अमरावतीकडचं. लेकरू काही महिन्यांचं होऊन गेलं. वडिलांनी घरीच लहानशी पेटी ठोकली आणि तिला पांढरा रंग दिला. दगड बसवायच्या आतच नवऱ्याची बस्तरकडे बदली झाली. लाकडी क्रूस होता, तो वाळवीने खाल्ला. परत येईपर्यंत तिथे नुसती सपाट जमीन होती. त्या दिवशी सगळ्या मंडळीबरोबर बाईही दफनाला आल्या. खड्ड्याच्या कडेला मातीच्या ढिगावर त्यांना पांढऱ्या रंगाची फळी दिसली.

त्यांचा आवाज मी इथे लिहू शकत नाही.

सकाळच्या खोळंब्यामुळे खणणं अजून चालूच होतं, ते तिथेच थांबलं, पेटी जागेवर ठेवून माती लोटली, नवव्या रांगेत धावपळीने दुसरा खड्डा झाला. सगळं उरकल्यावर रखवालदाराने रिवाजाप्रमाणे चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्याच्याकडे असलेला एकुलता एक पुरावा त्याने आपल्या हाताने मला दिला. तासाभरात कमिटी बसली. अध्यक्षांनी विचारलं, चिठ्ठीत काय होतं. मी म्हणालो, नऊ. चिठ्ठी माझ्या खिशात होती. रखवालदार "बाबूजी..." असं एकदाच म्हणाला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. आठवड्याभरात त्याला खोली सोडायला सांगितली गेली. रजिस्टरात ओळ मी लिहिली.

चिठ्ठी मी फाडली नाही. का नाही, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या मराठी बायबलला खाकी कागदाचं कव्हर आहे, त्याच्या आत ती सरकवली आणि ते पुस्तक घेऊन तीस वर्षं उपासनेला गेलो.

मधे एकदा रखवालदार मला गोल बाजारात दिसला. हातगाडीवर भांड्यांची पोती ओढत होता. मी चटकन एका भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि नको असलेलं पातेलं हातात घेऊन पाहू लागलो. तो दाराशी थांबला, गाडीचा दांडा खाली ठेवला, दोन्ही हात जोडून म्हणाला, "जय मसीह की, बाबूजी." मीही म्हणालो. तो गेला. पातेलं मी विकत घेतलं. बायकोने विचारलं, हे कशाला आणलं? मी ते फळीवर मागे सरकवून ठेवलं.

मला देवाची भीती वाटायची. उपासनेत देव आमचा आश्रय आहे, आमचा दुर्ग आहे, असं गायला लागले की माझे ओठ हलत, पण आवाज निघत नसे. तो दुर्ग इतरांसाठी आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो. बायको गेली, तिच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली, आणि तेव्हापासून एकच विचार छळायचा: ज्या मातीबद्दल मी खोटं लिहिलं, तीच माझ्यावर पडणार.

त्याच सुमारास चौबे कॉलनीत राहणाऱ्या त्याच शिक्षिका बाईंचं बोलावणं आलं. त्या आता निवृत्त, त्यांचेही यजमान गेलेले. दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे बायबलमधल्या जुन्या कराराचा अभ्यास चाले. रस्त्यात भेटल्या तर म्हणाल्या, "भाऊ, घरात बसून काय भिंती मोजून राहिले? गुरुवारी या."

नाही म्हणणं सोपं होतं. मी गेलो, आणि जवळजवळ तीन वर्षं जात राहिलो.

आम्ही तिथे चौघंच. बाई, मी, एक निवृत्त कंपाउंडर आणि एक तरुण नर्स. तिला मराठी कळायची, पण उत्तर हिंदीतच द्यायची. कंपाउंडरना दुपारी डुलकी यायची आणि बाई वाचता वाचता त्यांच्या खुर्चीच्या पायाला आपल्या चपलेने हळूच धक्का द्यायच्या. बाई इब्री, म्हणजे हिब्रू, शिकलेल्या होत्या, साठी उलटल्यावर, टपालाने धडे मागवून. आधी त्या मूळ भाषेत वाचत, उजवीकडून डावीकडे बोट सरकवत. आम्हाला एक अक्षर कळत नसे. तरी घशातून निघणारे ते आवाज ऐकताना आम्ही पाठ ताठ करून बसायचो. हे शब्द कुणी वाळवंटात तंबूच्या दाराशी बसून ऐकले असतील आणि आज रायपूरला, पंख्याच्या घरघरीखाली, कुकरची शिटी होत असताना ते आपल्यापर्यंत पोचले, याचंच मला नवल वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी शरणपुरांचा विषय निघाला.

हा भाग मी पूर्वी वाचला होता, पण नावांची यादी वाचावी तसा. ज्याच्या हातून न कळत माणूस मेला, त्याने पळून जायचं. कारण मेलेल्याचा जवळचा नातलग रक्ताचा सूड घ्यायला मागे लागणार. त्याच्यासाठी देवाने सहा नगरं नेमून दिली, तीन नदीच्या एका तीराला, तीन दुसऱ्या. एकदा त्या वेशीत शिरलं की नातलगाने हात लावायचा नाही.

"आता पहा," बाई म्हणाल्या, "देवानं नुसतं नगर दिलं नाही. रस्ते बांधा म्हणून सांगितलं. पळणाऱ्याले नगर दूर पडू नये म्हणून. यहुदी लोकांत तर असं सांगतात, का चौकाचौकात पाट्या लावत. इकडे आश्रय म्हणून."

नर्स म्हणाली, "आंटी, मतलब किसी ने कुछ किया भी नहीं और रोड पहले से तैयार?"

"हाव. आणि दुरुस्तीले माणसंही ठेवत, असं म्हणतात."

"हमारे वार्ड में तो किसी के मरने के बाद भी नहीं बनती."

कंपाउंडर जागे होऊन हसले. मी हसलो नाही. मी त्या रस्त्यांपाशीच अडलो होतो. अजून कुणाच्या हातून काही घडलेलं नाही, कुणी पळत नाही, कुणी रडत नाही, आणि देव नकाशावर बोट ठेवून सांगतो आहे, इथे जागा ठेवा, तिकडे रस्ता करा. जो उद्या चुकणार आहे त्याच्या पायांचा विचार आज. ती सोय नुसती आपल्या लोकांपुरतीही नाही. बाईंनी वाचून दाखवलं, परदेशी माणसालाही, मुक्कामाला आलेल्यालाही तीच वेस. मला वाटायचं, देव हिशेब घेऊन उभा असतो. इथे तो मजुरांना खडी टाकायला सांगत होता.

पण मी स्वतःला फसवू शकत नव्हतो. मी विचारलं, "बाई, चूक नकळत झाली, पण माणूस नंतर जाणूनबुजून गप्प राहिला, तर? त्याच्यासाठी वेस उघडी असते का?"

बाईंनी चष्मा काढला. त्यांना वाटलं मी अभ्यासाचा प्रश्न विचारतो आहे.

"हे पहा भाऊ, जाणून खून करणाऱ्याले नगर वाचवत नव्हतं, हे खरं आहे. पण ते ठरणार कधी? तो लोकांपुढं उभा राहिल्यावर. त्याच्या आधी त्याले कोणी मारायचं नाही. आणि आत जायचा एकच रिवाज होता. वेशीत उभं राहायचं, आणि नगरातले वडीलधारे ऐकतील असं, आपल्या तोंडानं सांगायचं का काय झालं. मग ते त्याले आत घेत. राहायले जागा देत. न बोलता कोणाले आत घेतलं, असं लिहिलं नाही."

"आणि बाहेर कधी यायचं?" नर्सने हिंदीतच विचारलं.

"मुख्य याजक मरेपर्यंत आत. तो मेला का, मोकळा. घरी जायचं, आपल्या गावात, आपल्या जमिनीवर." बाईंनी पुस्तक मिटलं. "आमचा महायाजक तर मसीहच, तो केव्हाच मेला आणि उठलाही. मग आपण अजून काहून पळून राहिलो, असं मी कधी कधी स्वतःलेच विचारते."

मी घरी आलो ते चालतच. ऑटो करायचं सुचलं नाही. कव्हर सोडवलं, चिठ्ठी काढली. कागद पिवळा पडला होता, घडीवर झिरझिरीत झाला होता, पण चारचा आकडा स्वच्छ होता. त्या आठवड्यात मी शरणपुरांची पानं किती वेळा वाचली, मोजलं नाही. प्रत्येक वेळी एकाच गोष्टीपाशी अडायचो. सूड घ्यायचा हक्क कुणाचा? जवळच्या नातलगाचा. त्या लेकराच्या बाबतीत तो नातलग कोण? बाई. आणि गेली तीन वर्षं मी दर गुरुवारी पायांनी चालत कुठे जात होतो? त्यांच्याच दाराशी. मला वाटत होतं, मी लपत होतो. रस्ता मात्र कुणीतरी आधीच बांधून ठेवला होता, आणि त्यावरून मला हळूहळू चालवत आणलं होतं. हे उमगलं तेव्हा मी खुर्चीतून उठून जमिनीवर बसलो. गुडघे टेकायचं वय नाही राहिलं, पण खुर्चीत बसवेना.

पुढच्या गुरुवारी मी वेळेवर पोचलो. दार उघडं होतं. नर्स आणि कंपाउंडर आधीच येऊन बसले होते. मी उंबऱ्याबाहेर थांबलो.

"भाऊ, दारात काहून उभे राहिले? आत या ना," बाई म्हणाल्या.

"नाही बाई. आज मी इथूनच बोलतो."

"काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

मी चिठ्ठी पुढे केली आणि सांगितलं. जुनं फाटक, नवं फाटक, चार आणि नऊ, सकाळची दाढी, खिशातली चिठ्ठी, रजिस्टरातली ओळ. शब्द जुळवून आणले होते, त्यातला एकही आठवला नाही. जसं घडलं तसं सांगितलं. रखवालदार माझ्याकडे आला होता आणि मी त्याला परत पाठवलं, हेही. कंपाउंडर पूर्ण जागे होते. नर्सने ओढणी तोंडाला लावली होती.

बाईंनी चिठ्ठी उजेडाकडे धरून आकडा वाचला. मग त्यांचा आवाज आला, आणि तो मी कधी ऐकलेला नव्हता.

"तीस वर्षं मी त्या माणसाले शिव्या दिल्या. प्रार्थनेत सुद्धा. आणि तुम्ही? तीन वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन राहिले!"

"हो बाई."

"वरून साखर कमी आहे म्हणत होते!"

"हो."

त्या उठून आत गेल्या. मोरीतला नळ सुरू झाल्याचा आवाज आला, कितीतरी वेळ चालूच राहिला. मी चौकट धरून उभा राहिलो. निघून जावं असं वाटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला पळावंसं वाटत नव्हतं. समोर जे काही येईल ते येवो, मी योग्य जागी उभा आहे, एवढं कळत होतं. माझ्या पाठीशी कुणीतरी उभं आहे असं इतकं स्पष्ट वाटलं की मी मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

बाई परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदराने पुसत होत्या.

"त्या दिवशी तो तुमच्या दारात काय म्हणाला? त्याचेच शब्द सांगा."

"ओ जगा म तो लइका सुते हे."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. बाई भिंतीला टेकल्या. "सुते हे म्हणाला? निजलंय म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "आम्ही बस्तरले होतो. क्रूसही राहिला नव्हता. मले वाटे, माझ्या लेकराची जागा या जगात माझ्याशिवाय कोणालेच माहीत नाही. आणि त्याले माहीत होतं. तो सायकलवर तुमच्यापर्यंत आला होता..." त्या रडायला लागल्या, पण हे रडणं कब्रस्तानातल्या त्या दिवसाचं नव्हतं. ते ऐकताना मला आणखी एक गोष्ट कळली आणि ती आजही टोचते. मी त्या बाईंपासून फक्त माझा अपराध लपवला नव्हता. त्यांचं सांत्वनही लपवून ठेवलं होतं. देवाने त्यांच्या लेकरावर एक राखणदार ठेवला होता, आणि ही बातमी तीस वर्षं माझ्या पुस्तकाच्या कव्हरात पडून होती.

नर्सने त्यांना पाणी दिलं. ग्लास रिकामा करून बाई माझ्याकडे वळल्या.

"माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाही. ते यायले वेळ लागंल. पण तुम्ही वेशीत उभं राहून सांगितलं. आता तुम्हाले बाहेर ठेवायचा मले हक्क नाही." त्या दारातून बाजूला झाल्या. "आत या, भाऊ. चप्पल तिथंच काढा."

मी आत गेलो.

रखवालदार दोन वर्षांपूर्वीच गेला होता. हे आम्हाला त्या शनिवारी कळलं, जेव्हा नर्सच्या ओळखीने पत्ता काढून बाई आणि मी ऑटोने शहराबाहेरच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्याच्या घरी पोचलो. घरात त्याची म्हातारी बायको होती. त्याच्यापुढे उभं राहून सांगायचं होतं, ते मला आता कधीच जमणार नाही. हे कुठल्याही ओळीने दुरुस्त होत नाही, आणि झालं असं मी म्हणणारही नाही. मी तिच्यापुढे सगळं सांगितलं. ती सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला नाही.

"ओ हा तुँहर नाव कभू नइ लिस," ती शेवटी म्हणाली. त्याने माझं नाव कधीच घेतलं नव्हतं. मग ती बाईंकडे बघत राहिली. "तैं लइका के दाई अस?"

तू त्या लेकराची आई का, असं ती विचारत होती. बाईंनी हो म्हणून मान हलवली. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, खोली सोडायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने लेकराच्या जागेभोवती विटा पुरल्या होत्या. "चार ठन ईंटा गड़ाय रहिस. चारों कोना म."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेनंतर मी मंडळीपुढे उभा राहिलो आणि हीच हकीकत हिंदीत सांगितली. पाळकसाहेब तरुण आहेत, मी ती ओळ लिहिली तेव्हा त्यांचा जन्मही झाला नसेल. त्यांनी त्या वर्षीचं रजिस्टर काढलं, पण जरा बिचकले. "अंकल, इतना पुराना पन्ना, अब इसे काटना ठीक रहेगा?" मी म्हणालो, खोडणार नाही. माझं खोटं तसंच दिसू दे. खाली लिहितो.

पण लिहायच्या आधी आम्ही कब्रस्तानात गेलो. म्हातारीला मुलीने रिक्षाने आणलं होतं. नवीन फाटकापासून मी रांगा मोजल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जातील अशा. चौथ्या रांगेत सहाव्या जागी गवत माजलं होतं. म्हातारी खाली बसली आणि खुरप्याने एका ठिकाणी माती उकरू लागली. वीतभर खाली खुरपं खट्कन वाजलं. वीट होती. मग दुसरी, हातभर अंतरावर. मग पायाकडच्या दोन. चौकोन इतका लहान होता की त्याच्याभोवती आम्ही सगळे मावेनासे झालो.

ज्याला आम्ही घरातून काढलं, त्याने जाता जाता त्या लेकराभोवती कुंपण घातलं होतं. पुन्हा कुणाची कुदळ तिथे पडू नये म्हणून. आमच्यापैकी कुणाला ते दिसणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मी आयुष्यभर आश्रयाबद्दल गाणी ऐकली, पानं वाचली, पण देवाचा आश्रय कसा दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. चार विटा, मातीखाली, तीस वर्षं जागच्या हललेल्या नव्हत्या.

बाई खाली बसल्या. त्यांनी एकेका विटेवरची माती बोटांनी पुसली. मग म्हातारीचा हात धरला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

मी पाळकसाहेबांकडून रजिस्टर घेतलं, नर्सने ते दोन्ही हातांवर उघडं धरलं, आणि तिथेच मी लिहिलं. माझ्या खोट्या ओळीखाली, त्या दिवसाच्या तारखेने: वरील नोंद असत्य आहे. चिठ्ठीतला आकडा माझा होता, आणि रखवालदाराने मला वेळेवर सांगितलं होतं. खाली रखवालदाराचं पूर्ण नाव, जे आमच्या कुठल्याच रजिस्टरात कधी आलं नव्हतं. मग बाईंच्या लेकराची जागा, चार विटांच्या आत, रांग चौथी, जागा सहावी. आणि कुणाची पुन्हा चूक होऊ नये म्हणून मोजणी कुठून करायची तेही स्पष्ट लिहिलं: नवीन फाटकापासून.